चार बोटांची जागा

इलाहदादने खैरुल्लाशी बोलणं सोडलं त्याला चार वर्षं झाली होती, आणि ती चारही वर्षं दोघं एकाच ओवरीत, एकमेकांपासून सात हातांवर बसून काम करत होते.

भांडण बघणाऱ्याला अगदी क्षुल्लक वाटलं असतं, पण ज्याला लागलं त्यालाच ठाऊक. खैरुल्ला त्याचा मेव्हणा, धाकट्या बहिणीचा, बख्तावरचा नवरा. आग्र्यात गुलरंग बेगमसाहेबांच्या किताबखान्यातला नावाजलेला हाशियेवाला. मुरक्क्याच्या, म्हणजे चित्रसंग्रहाच्या, पानावर मधोमध चित्र असतं नाहीतर सुलेखन, आणि त्याच्याभोवती जी रुंद कड असते तो हाशिया. त्यावर सोन्याची फुलं, पाखरं, माणसं काढायची हे खैरुल्लाचं काम. इलाहदाद पानं जोडणारा. कणकेच्या खळीने कागदावर कागद चिकटवून पुठ्ठा करायचा, त्यात चित्र बसवायचं, भोवती हाशिया बसवायचा आणि अकीकाच्या दगडाने इतकं घोटायचं की कुठे काय जोडलंय ते बोटालासुद्धा लागू नये. आपल्या पुतणीच्या लग्नात नवऱ्याकडच्या मंडळींना ओळख करून देताना खैरुल्ला म्हणाला होता, "हे आमचे मेव्हणे. किताबखान्यात कणीक शिजवतात."

सगळे पोट धरून हसले. इलाहदाद पुलाव यायच्या आत उठून घरी गेला, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं मीरसाहेबांमार्फत चालायचं. मीर जाहिद हे सुलेखनकार, दोघांच्या मधोमध बसायचे, हीच त्यांची चूक.

"मीरसाहेब, त्यांना सांगा, ऊन अडवू नका."

"मीरसाहेब, त्यांना सांगा, ऊन त्यांच्या बापाचं नाही."

"मी काय तुमच्या दोघांमधली खळ आहे का रे?" मीरसाहेब बोरूचं टोक कापत म्हणायचे. "अलिफ वाकडा गेला ना, तर दोघांची नावं सांगेन."

आता नौरोजच्या सणाला बेगमसाहेब बादशहांना चौदा पानांचा नवा मुरक्का नजर करणार होत्या. किताबखान्याचे दरोगा ख्वाजा नेकदिल यांनी हुकूम दिला होता की ज्यांचे हात या कामाला लागले ते सगळे कुठल्या ना कुठल्या हाशियात दिसले पाहिजेत. मीरसाहेब तिसऱ्या पानावर लोडाला टेकून बसले होते. कागद घोटणारे, सोनं कुटणारे, सगळ्यांना जागा मिळाल्या. राहिला इलाहदाद, आणि राहिलं चौदावं पान, तेही खैरुल्लाच्या हातात. इलाहदादने आशा सोडून दिली होती. आपल्याला कुठेतरी कोपऱ्यात पाठमोरा बसवेल, नाहीतर तोंडावर फांदी येईल, असं त्याने मनाशी धरूनच ठेवलं होतं.

पान घोटायला आलं तेव्हा त्याने ते पाटावर ठेवलं आणि दगड हातातच राहिला. बाहेरच्या उभ्या हाशियात वरच्या टोकाला तोच बसला होता. पुढ्यात शेगडी, शेगडीवर खळीचं भांडं, हातात ढवळणी. डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डागसुद्धा जागच्या जागी. दाढीतले पांढरे केस काढायला त्या माणसाने खारीच्या शेपटीचा एकच केस वापरला असणार. खाली दुसऱ्या टोकाला खैरुल्लाने स्वतःला बसवलं होतं, कानावर कुंचला, मान वर करून आपल्याच लाडक्या कबुतरांची जोडी उडताना बघत. कबुतरं मध्ये होती, त्यांच्याखाली एक खडक, दोन झुडपं.

सव्वीस वर्षं इलाहदाद पानं जोडत होता. त्याचं काम जितकं चांगलं तितकं ते कुणाला दिसायचं नाही. चित्रकाराचं नाव खाली यायचं, सुलेखनकाराचं यायचं, त्याचं कुठे येणार? आता बादशहा पान उलटतील आणि त्याच्याकडे बघतील. त्याला इतका आनंद झाला की तो घोटायचं सोडून बाहेर गेला आणि उगीचच विहिरीवर तोंड धुऊन आला. आणि मग दुसरा विचार आला की चार वर्षं शब्द न बोलता हा माणूस आपल्या अंगठ्यापर्यंत सगळं बघत होता.

पण परत येऊन बसल्यावर त्याला आणखी एक गोष्ट दिसली. खैरुल्लाने वर आणि खाली जागाच सोडली नव्हती.

किताबखान्यात रीत अशी की हाशियेवाल्याने काम सुरू करण्याआधी पानं जोडणाऱ्याला विचारायचं, कडेला किती सोडू? बांधणीच्या वेळी पानं कातरावी लागतात. मग तो सांगतो, वर दोन बोटं, खाली दोन बोटं. बाकीच्या तेरा पानांवर ती चार बोटांची जागा कोरी होती. खैरुल्ला विचारणार कुणाला? बोलायचं नाही ना, आणि मीरसाहेबांमार्फत विचारायलाही या वेळी कमीपणा वाटला असणार. त्याने काठापासून काठापर्यंत रंगवलं. आणि इलाहदादनेही ते पाहून तोंड उघडलं नाही. अडेल तट्टू दोघंही.

नौरोजला तीन दिवस राहिले असताना ख्वाजा नेकदिल लाहोरहून आलेली जिल्द घेऊन ओवरीत आले. लाखेचं काम केलेली, बघत राहावं अशी. पानापेक्षा चार बोटं आखूड.

"पानं कातरा," ख्वाजासाहेब म्हणाले. "बेगमसाहेबांना हीच जिल्द हवी आहे."

"चौदाव्या पानाला जागा नाही, हुजूर," इलाहदाद म्हणाला.

ख्वाजासाहेबांनी पान पाहिलं, मग खैरुल्लाकडे पाहिलं. खैरुल्लाचा चेहरा पडला होता. "नवा हाशिया किती दिवसांत होईल?"

"महिना लागेल, हुजूर."

"मग वरून चार बोटं कापा, नाहीतर खालून कापा. कुठून ते इलाहदाद ठरवेल, सुरी त्याची आहे. परवा दुपारी मला पान जिल्दीत बसलेलं पाहिजे." आणि ते निघून गेले.

वरून चार बोटं गेली की इलाहदाद गेला, शेगडीसकट. खालून गेली की खैरुल्ला. हिशेब सगळ्यांना कळला होता.

खैरुल्ला खाकरला. "मीरसाहेब, त्यांना सांगा, वरचा भाग गेला तर मांडणी जास्त उठून दिसेल."

"मीरसाहेब, त्यांना सांगा, खालचा गेला तर जास्तच उठून दिसेल."

"मीरसाहेब, त्यांना सांगा, दोन-दोन बोटं दोन्हीकडून घ्या. इन्साफ होईल."

"म्हणजे मी नाकापासून खाली आणि ते कमरेपासून वर," इलाहदाद म्हणाला. "मीरसाहेब, त्यांना विचारा, असला इन्साफ बादशहांना दाखवायचा का?"

मीरसाहेबांनी बोरू ठेवला, दौतीला झाकण लावलं आणि दोघांकडे न बघता सरळ नमाजाला निघून गेले.

संध्याकाळी बख्तावर भावाच्या घरी आली. हातात झाकलेलं पातेलं. झाकण काढलं तर शीरबिरंज, तांदळाची दाट खीर, वरून पिस्ते.

"त्यांनी पाठवलंय असं समजू नका, भाईजान."

"मग?"

"मीच केलं. सहज."

"चार वर्षांत सहज काही झालं नाही ते."

"खा तरी आधी." ती समोर बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. "कापाल ते वरून की खालून?"

इलाहदादने चमचा खाली ठेवला. "मला एक सांग, बख्तावर. माझं चित्र इतकं निगुतीनं काढायला त्याला तू सांगितलंस?"

"मी? मला तर परवा कळलं. सहा वेळा पुसून काढलं म्हणे तुमचं तोंड. मी विचारलं, इतकं काय लागतंय? तर म्हणाले, ते माझ्याकडे बघतच नाहीत, मग डोळे काढू कसे?" तिने ओढणीचं टोक सोडलं. "त्या लग्नातल्या बोलण्याचं त्यांनाही वाईट वाटतं. पण ते तुमच्यासारखेच. मान मोडेल, वाकणार नाही."

इलाहदादने शीरबिरंज संपवलं आणि पातेलं धुऊन तिच्या हातात दिलं. आपलं तोंड आपल्याच सुरीने कापायचं हे त्याच्याने होणार नव्हतं. सव्वीस वर्षांनी एकदा जागा मिळाली होती, ती त्याला हवी होती, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. पण ज्याने सहा वेळा पुसून आपले डोळे शोधले त्याला कापून टाकायचं, हेही जमण्यातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खळ नेहमीपेक्षा पातळ शिजवली, किडीसाठी चिमूटभर मोरचूद घातला आणि मलमलीतून दोनदा गाळली. मग चौदावं पान पालथं घालून पाठीला ओलसर फडकं दाबून धरलं, रंगापर्यंत ओल जाणार नाही इतपतच. बाहेरचा हाशिया मोकळा होऊन हातात आला. पलीकडून खैरुल्ला बघत होता. त्याच्या हातातल्या शिंपल्यातलं सोनं सुकून गेलं तरी त्याला पत्ता नव्हता.

इलाहदादने सुरी वर लावली नाही आणि खालीही लावली नाही. त्याने ती मधे लावली.

पट्टीने सरळ कापलं असतं तर आंधळ्यालाही सांधा दिसला असता. म्हणून तो खडकाच्या रेषेवरून गेला, मग झुडपाच्या एकेका पानाच्या कडेने, श्वास रोखून. वरच्या बाजूला शेगडीखालच्या गवताच्या काड्यांमधून तसाच. मधली चार बोटं सुटून आली, त्यात कबुतरं. मग दोन्ही काठ मागून खरवडून त्याने कांद्याच्या पापुद्र्याइतके बारीक केले, एकावर एक बसवले, खळीचा हात फिरवला आणि वर कागद ठेवून हळूहळू दाबत बसला. मधल्या चित्राच्या वरखालच्या पट्ट्यांवर नुसती सोन्याची फुलं होती, त्या दोन-दोन बोटं कातरायला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पान वाळलं, घोटून झालं, आणि जिल्दीत मोजून बसलं.

ख्वाजासाहेब आले. त्यांनी पान जिल्दीत घालून पाहिलं, काढून पाहिलं. "बसलं," म्हणाले. "खैरुल्ला, सांध्यावरून सोन्याचा हात फिरव. संध्याकाळी माणूस पाठवतो." त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, आणि इलाहदादची तशी अपेक्षाही नव्हती.

खैरुल्लाने पान मांडीवरच्या पाटावर घेतलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"मीरसाहेब, त्यांना विचारा, माझी कबुतरं कुठे आहेत."

"मीरसाहेब, त्यांना सांगा, नीट काढून ठेवलीत. दुसऱ्या कुठल्या पानाला लागतील."

मीरसाहेब लिहीत राहिले. जणू त्यांना ऐकूच येत नव्हतं.

खैरुल्लाने कुंचला सोन्यात बुडवला आणि पान जवळ घेतलं. मग दूर धरलं. उजेडाकडे तिरकं केलं. नखाची कड खडकावरून फिरवली, झुडपावरून, गवतावरून, पुन्हा खडकावरून. कुंचल्यावरचं सोनं सुकलं, त्याने परत बुडवला. इलाहदाद खाली मान घालून भांडं घासत होता, तेच भांडं तिसऱ्यांदा.

"भाईजान," खैरुल्ला म्हणाला.

मीरसाहेबांचा हात थांबला. इलाहदादने वर पाहिलं.

"सांधा कुठे आहे?"

"शोध की."

"शोधतोय. सापडत नाही." आणि मग त्याला ते दिसलं. कबुतरं गेली होती, आणि चित्रातला खैरुल्ला मान वर करून, डोळे भरून, थेट इलाहदादकडे बघत होता. अगदी गुडघ्याशी गुडघा लागेल इतक्या जवळून. "मी तुमच्या खळीच्या भांड्याकडे बघतोय."

"बघतोयस खरा."

"मी कबुतरं बघत होतो."

"मला जोडून झाल्यावरच दिसलं, अल्लाची शपथ." इलाहदादला हसू आवरेना. मग ते मावळलं, कारण खैरुल्लाच्या हातात कुंचला होता आणि टोक ओलं होतं. "दोन ठिपक्यांचं काम आहे. बुबुळं खाली घे, झालं. तुझा हाशिया आहे."

खैरुल्लाने कुंचला डोळ्यांजवळ नेला. तिथेच धरला. आपल्या चित्रातल्या तोंडाकडे पाहिलं, वरच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग सात हातांवर बसलेल्या खऱ्या इलाहदादकडे, चार वर्षांनी, सरळ डोळ्यांत पाहिलं.

"पान घेऊन जा, भाईजान," तो कुंचला पुसत म्हणाला. "इथे तुम्ही माझ्यासाठी काही काम ठेवलेलंच नाही."