उकडहंडीचं गाणं

मी मातीचं मडकं बोलतंय. पाणी भरण्यासाठी मला कुंभाराने घडवलं. पण होळी गावातल्या द्वारकाबाईंनी पहिल्याच हिवाळ्यात माझ्यात वालाच्या शेंगा, कोनफळ आणि रताळी भरली, वर ओवा-मीठ टाकलं, तोंडाला केळीच्या पानांचा बोळा कोंबला आणि मला अंगणात पालथं घालून भोवती पेंढा पेटवला. तेव्हापासून मी उकडहंडीचं झालं.

या अंगणात तरी हंडीची वेळ घड्याळावर मोजत नसत. द्वारकाबाई त्यांच्या घरच्या बोलीत गात विचारत, “अंगनात जाळ, जाळात हंडी, हंडीत वाल कोनाचा?” भोवतीच्या बायका घरातल्या एकेकाचं नाव घेत. नावं संपली की जाळ हंडीपासून बाजूला ओढायचा. पेंढा दमट असला तर नावं शेजारपाजारी जात. फारच दमट असला तर गेलेल्या माणसांचीही पाळी येई. कुठे थांबायचं ते द्वारकाबाई जाळाकडे पाहून ठरवत. हे कुणी लिहून ठेवलं नाही.

गेल्या श्रावणात त्या गेल्या. त्यांचे यजमान भालचंद्र जेवणावरून अर्धपोटी उठू लागले. म्हणून त्यांच्या सुनेने, साताऱ्याहून आलेल्या रुचिताने, वाल येताच हंडी लावली. मोबाइलवर चाळीस मिनिटं लावली, तर शेंगा कच्च्या राहिल्या. पुढच्या वेळी तासभर ठेवलं. तेव्हा वाल करपले आणि मला तडा गेला.

“अगो, हंडी लावलीस का वीटभट्टी?” शेजारच्या लतिकाबाई म्हणाल्या.

“मग तुम्ही सांगा की, मावशी!”

“आमी नुसती नावं घ्यायचो. थांबायचं कधी, ते तिलाच ठाव.”

रुचिता सासऱ्यांकडे वळली. “बाबा, पेंढा तर तुम्हीच सारत होता ना? मग तुम्ही म्हणा.”

“बायांचं गानं हाय ते. गडीमानसानं म्हनलं तर गाव हसल.”

“हसू द्या की. माझ्या करपलेल्या वालांना हसलंच की!”

तिसऱ्यांदा मला पालथं घातलं, तेव्हा तडा अर्ध्यावर आला होता. आणखी एकच जाळ सोसेल, हे मला कळत होतं. दवाने पेंढा ओला होता. भालचंद्र खाकरले आणि त्यांनी खाली पाहतच सुरुवात केली. मुलाचं, प्रल्हादचं नाव झालं, रुचिताचं झालं, लतिकाबाईंचं झालं. पाठची आळी झाली, आईवडील झाले. जाळ अजून धुरकटच होता. ते थांबले.

त्यांच्या पिढीतले पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून फक्त “ऐकलं का” एवढंच ऐकलं होतं.

“हंडीत वाल कोनाचा?” त्यांनी स्वतःलाच विचारलं. मग अगदी हळू म्हणाले, “द्वारकेचा.”

हसायच्या बेतात असलेल्या लतिकाबाईंनी तोंडाला पदर लावला.

“ओढ आता जाळ,” भालचंद्र सुनेला म्हणाले.

वाल मऊ उकडले होते. त्यांनी दोनदा वाढून घेतले.

माझा तडा आता बुडापर्यंत पोचला आहे. यापुढे मी जाळावर जाणार नाही, याचं दुःख नाही. नवं मडकं मिळेल. वाचकहो, तुमच्याही घरी असं एखादं गाणं कुणा एकाच्याच ओठांवर असेल, तर त्याच्या शेजारी बसा. चुका, हसा, पण त्याच्यासमोर म्हणून पाहा. काल रुचिता पाटीतले वाल निवडत ते गुणगुणत होती. नावं घेताना तिने सुरुवात सासूपासून केली.