निरोगी गटातल्या वन्सं आणि मी

मित्रांनो, मी एमआरआयच्या खोलीतला एक जुना रबरी फुगा आहे. लिंबाएवढा, राखाडी, दिसायला यथातथा. मशीन कोट्यवधींचं, पण आत सरकवलेल्या माणसाच्या मुठीत मी असतो. सहन होईना की मला दाबायचं. बाहेर घंटी वाजते, मशीन थांबतं. या नोकरीत मी अकरा वर्षं घाम गाळला. दुसऱ्यांचा.

एकदा डॉक्टरबाईंनी संशोधन काढलं. पाळीच्या दिवसांत अर्धशिशी उठणाऱ्या बायका पहिल्या गटात, कधीच डोकं न दुखणाऱ्या दुसऱ्या गटात. दोन्ही गटांतल्या बायकांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागात, म्हणजे आतल्या वायरिंगमध्ये, काही फरक दिसतो का ते बघायचं. दुसऱ्या गटासाठी बायका मिळवताना डॉक्टरबाईंचंच डोकं दुखू लागलं.

पहिल्या गटात एक भावजय आली. दर महिन्याला दोन दिवस ती अंधार करून पडायची आणि घरचे म्हणायचे, नाटकं! म्हणणाऱ्यांत थोरली नणंद पहिली. तीच सोबत आली होती.

"वन्सं, आज फोटोच नेते घरी. मग बोला."

"एकीच्या फोटोवरून काही सिद्ध होत नाही हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळ्यांची सरासरी काढावी लागते."

भावजयीचा चेहरा पडला. वन्सं मात्र खुलल्या. "मला घ्या दुसऱ्या गटात! डोकेदुखी कशाशी खातात, मला ठाऊक नाही."

फॉर्म भरला, वन्सं आत गेल्या. मशीन ठकठक करू लागलं. पाचव्या मिनिटाला त्यांनी मला असं आवळलं की माझा लिंबाचा पापड झाला.

"काय होतंय?" डॉक्टरबाई धावल्या, मागोमाग भावजयही.

"काही नाही, पित्त. पाळी जवळ आली की होतंच. डावी बाजू ठणकते, उजेड सोसत नाही, मळमळतं."

"कुठली डावी बाजू?"

"डोक्याची. पण डोकं नाही हो दुखत!"

डॉक्टरबाईंनी शांतपणे फॉर्मवरचा दोन खोडून एक केला.

"वन्सं, मला हेच होतं."

"छे! तुझी अर्धशिशी. माझं पित्त." वन्संनी डोळे गच्च मिटले. "आधी तो दिवा घालव गं."

भावजयीचा हात बटणाकडे गेला आणि थबकला. मला वाटलं, आता ती तो शब्द उच्चारणार, नाटकं! तिने दिवा घालवला आणि वन्संच्या डोळ्यांवर आपली ओढणी पांघरली.

"तुला दर महिन्याला एवढं होतं?" अंधारातून आवाज आला.

त्या दिवशी मला चीर पडली. हल्ली मी ड्रॉवरमध्ये असतो. मित्रांनो, एकच मागणं आहे. कुणी दुखतंय म्हणालं, तर आधी दिवा घालवा. चौकशी अंधारातही करता येते.