पाच वेळा पेटवा

ब्रह्मांडातला प्रत्येक पिंड कमीत कमी कष्टांची वाट धरतो. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी हे लिहिलं, तेव्हा ब्रह्मांडाला मॉस्कोतल्या आमच्या संस्थेत सही मिळवावी लागत नाही, हे ध्यानात आलं नव्हतं.

माझा विषय सोपा होता: एक उपग्रह खालच्या कक्षेतून वरच्या कक्षेत कमीत कमी इंधनात कसा न्यायचा. गणिताने उत्तर चोख दिलं. इंजिन पाच वेळा पेटवा, पाच वेळा विझवा, मधल्या वेळात हात लावू नका. चौदा जूनला पदवीसाठी समितीसमोर उभं राहायचं होतं, आणि त्याआधी याच विषयावरचा लेख छापायला गेलेला हवा होता. नाहीतर पुढची तारीख वर्षभराने. लेखाला दाखला लागतो. दाखल्यावर छापलेलं असतं: ‘या लेखात नवीन काही नाही.’ नवीन असेल तर ते गुपित असू शकतं, आणि गुपित छापत नाहीत.

दाखले देणाऱ्या रिम्मा झाखारोव्हनांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मित्या, पहिल्याच ओळीत ‘नवी पद्धत’?”

“नवी आहे म्हणून.”

“मग मी खोटा दाखला देऊ?”

“सगळ्यांना देताच की!”

“सगळे गपगुमान नवं करतात. तू बोंबलत करतोस. खोड ते. आणि परीक्षक शुबिनची सही आण.”

संस्था आपल्या शास्त्रज्ञांनाही पाळीपाळीने सरकारी भाजी-गोदामात राबायला पाठवायची; शुबिन त्या पाळीवर शहराबाहेर सडका कोबी निवडत होते. दोन बसगाड्या बदलून गेलो.

“‘नवीन’ किती वेळा आलंय?” त्यांनी विचारलं.

“सात.”

“सातही खोड. ‘प्रथमच’ पण. मला पेन्शन हवीय.”

गोणीवर कागद ठेवून खोडलं. सही झाली. रिम्माबाईंनी कागद हुंगला. “याला वास येतोय. पुन्हा टाइप करून आण, पुन्हा सही.” दुसऱ्या खेपेला तारीख चुकली. तिसऱ्या खेपेला शुबिननी माझ्या हातात कोबी कापायची सुरी दिली. “आलाच आहेस, तर बस जरा.”

बाराला लेख गेला. चौदाला समितीच्या अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न टाकला, “यात नवीन काय आहे?” मी चाळीस मिनिटं तेच सांगितलं. मतं पडली: बाजूने सोळा, विरोधात शून्य.

बाहेर उपग्रहाचं इंजिन बनवणाऱ्या कारखान्याचे इंजिनिअर हात मिळवायला आले. “गणित सुंदर आहे हो,” ते म्हणाले. “आमचं इंजिन एकदाच पेटतं.”