माझ्या वायरमधून जातं ते

"तुझ्या पोरीला त्या मालिकेतून नाव काढून टाकायला सांग," वेन म्हणाला. "नाव नाही तर निदान आडनाव तरी. आडनाव तुझं एकट्याचं नाही, इसिडोर. अर्ध्या गावठाणाचं आहे ते."

ओटीवरच्या लांब बाकावर तिघे जण बसले होते. मधोमध वेन. तो गावठाणाच्या संघटनेचा अध्यक्ष आणि इसिडोरच्या बायकोचा, ज्युलियाचा, पाठचा भाऊ. दोन्ही बाजूंना कमिटीची दोन माणसं, वेन बोलला की मान हलवणारी. ज्युलियाने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

इसिडोर समोरच्या खुर्चीत बसून एका सेट-टॉप बॉक्सची वाकलेली पिन सरळ करत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "तू बघितलंयस ते?"

"बघायला कशाला पाहिजे? ट्रेलर आलाय ना. आपल्यासारखंच चर्च, आपल्यासारखाच क्रूस, आपल्यासारखीच लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या. आणि तुझी ॲन्ड्रिया चर्चच्या दारात उभी राहून सांगते, कॉयरच्या मास्तरने माझ्यावर हात टाकला! लोक काय समजतील? आपल्यात हेच चालतं?"

"मास्तर खोटा आहे, वेन. गोष्ट आहे ती."

"लोकांना कळतं काय ते? यार, तू तरी असं बोलू नको. तूच ना तो? रात्रीची घाणेरडी पिक्चरं आमच्या घरात येऊ दिली नाहीस तो?"

इसिडोर तोच होता.

अंधेरी पूर्वेला, मेट्रोच्या खांबांमागे दडलेल्या त्या गावठाणात पहिली केबल टाकली ती इसिडोरनेच. तेव्हा तो पंचविशीतला, सडपातळ पोरगा होता. खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन कौलांवरून मांजरासारखा फिरायचा. आजूबाजूचे केबलवाले रात्री सगळं गाव झोपलं की नको ती पिक्चरं सोडायचे. गिऱ्हाइकंही तेवढ्यासाठीच जोडणी घ्यायची. इसिडोरने ते कधी केलं नाही. काही लावण्याआधी तो एकच विचार करायचा: हे मला आईच्या शेजारी बसून बघता येईल का? नाही, तर नाही. बायकापोरांचे आशीर्वाद मिळाले, पण पुरुष गिऱ्हाइकं तुटली. पलीकडच्या मोठ्या केबलवाल्याने माणसं पाठवून त्याच्या वायरी कापल्या. इसिडोरने त्या परत जोडल्या. "माझ्या वायरमधून जे जातं ते माझ्या हातून जातं," असं तो सांगायचा. त्या वेळच्या फादरनी प्रवचनात त्याचं नाव घेतलं होतं. मित्र त्याला 'सेन्सॉर' म्हणायला लागले आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

आता घरोघरी फायबर आलं होतं, पोरं मोबाईलवर सगळं बघत होती. इसिडोरकडे उरली होती ती म्हातारी माणसं. रिमोट बिघडला की ती त्याला हाक मारायची, आणि तो रिमोट दुरुस्त करता करता त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. आजाऱ्यांना घरबसल्या दिसावी म्हणून सणाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, तो आपल्या छोट्या चॅनेलवर दाखवायचा. आणि रविवारी चर्चमध्ये बायबलचं पहिलं वाचन त्याचं. एवढाच त्याचा मान होता, आणि तो त्याला पुरेसा होता.

"मी बघतो आणि मग सांगतो," तो शेवटी म्हणाला.

"बघू नको म्हणून तर सांगायला आलोय!" वेन उठला. "ज्युलिया, तू तरी समजाव त्याला."

ज्युलियाने थंड चहाचे कप ट्रेमध्ये गोळा केले. 

रविवारी ॲन्ड्रिया जेवायला आली. ती गोरेगावला मैत्रिणींबरोबर राहायची. स्टुडिओ जवळ पडतो हे कारण ती सांगायची, आणि ते खरंही होतं. पाच-सात वर्षं मालिकांत कुणाची नर्स, कुणाची मैत्रीण, कुणाची मोलकरीण झाल्यावर तिला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. ज्युलियाने बाटलीमसाल्यातलं मटण केलं होतं. तांदळाच्या भाकरीचा तुकडा ॲन्ड्रिया ताटात नुसता फिरवत होती.

"वेनमामाचा फोन आलेला," ती म्हणाली.

"इथे पण येऊन गेला," इसिडोर म्हणाला. "बाय, तू मला काही बोलली नाहीस. काय आहे त्यात, कसं आहे."

"तू विचारलं नाहीस, पप्पा."

"मी नाही विचारलं, तर तू सांगायचं नाही?"

तिने ताट बाजूला सारलं. "सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस. लहानपणापासून बघतेय. तुला काही आवडलं नाही की तू उठतोस आणि बटण दाबतोस. टीव्ही बंद, विषय बंद. मला यावेळी बंद नव्हतं व्हायचं."

"ॲन्ड्रिया," ज्युलिया म्हणाली, "बापाशी असं बोलतात का?"

"बोलू दे तिला," इसिडोर म्हणाला. त्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

जाताना ॲन्ड्रियाने सांगितलं, शुक्रवारी सगळे भाग ॲपवर येतील. "बघ किंवा बघू नको. पण न बघता मामासारखं बोलू नको. तेवढंच मागते."

इसिडोरने पैसे भरून आपल्या नावाने त्या ॲपची जोडणी घेतली. शनिवारी दुपारी ओटीचं दार लावून तो आणि ज्युलिया टीव्हीसमोर बसले. ज्युलियाच्या हातात जपमाळ होती. वाईट काही दिसलंच तर मान खाली घालून मणी ओढता यावेत म्हणून तिने ती घेतली असावी.

वाईट काही दिसलं नाही. मास्तर दिसला. चांगला, हसरा, सगळ्यांच्या घरी जेवायला बोलावला जाणारा. त्याचा हात कुठे गेला ते दाखवलंच नव्हतं. फक्त मुलीचा चेहरा दाखवला होता. ती मुलगी मोठी होते, आता ती ॲन्ड्रिया असते, ती बोलते, आणि मग सगळं गाव तिच्याकडे पाठ करतं. फुलं देणाऱ्या बायका, क्रिसमसला तिला मांडीवर घेणारे म्हातारे, सगळे. इसिडोरला ती माणसं ओळखीची वाटली. एकही वाईट नव्हता त्यांत. सगळे आपापलं घर सांभाळत होते.

आणि तिचा बाप. तो एका दृश्यात मुलीचं ऐकता ऐकता उठतो, रेडिओ बंद करतो आणि म्हणतो, "बस्स. हा विषय या घरात परत नको." आरडाओरडा करत नाही, मारत नाही. अगदी मायेने म्हणतो.

इसिडोरने रिमोट हातात घेतला. ज्युलियाला वाटलं, आता बंद करणार. पण त्याने फक्त थांबवलं आणि पडद्यावरच्या त्या बापाकडे बघत राहिला.

"आई असती तर उठून गेली असती का गं?" त्याने विचारलं.

ज्युलियाने आपल्या सासूला आठवून पाहिलं. "नाही. पदर तोंडाला लावून बसली असती. शेवटपर्यंत."

"इतकी वर्षं मला वाटायचं, घाण अडवायची म्हणजे बटण दाबायचं," तो म्हणाला. "बटण मी दाबलं, बरोबरच केलं मी. ते रात्रीचं होतं ते घाणच होतं. पण हे... हे घाण नाही, ज्युलिया. हे घाण कुठे आहे ते सांगतंय."

ज्युलियाची जपमाळ मांडीवर तशीच पडली होती. मणी पुढे सरकलेच नव्हते.

"लाव पुढे," ती म्हणाली.

संध्याकाळी गावठाणातल्या क्रुसापाशी रोझरी होती. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, पुढे म्हाताऱ्या आणि मागे मोबाईल खिशात ठेवून उभी पोरं. प्रार्थना संपली की कुणाला काही सांगायचं असेल तर तो पुढे येऊन सांगतो, अशी तिथली पद्धत. वेनने सणाच्या वर्गणीचं सांगितलं. मग घसा खाकरून तो म्हणाला, "आणि ती जी मालिका आली आहे, ती आपल्या घरांत कुणी बघायची नाही. कमिटीचं ठरलंय."

इसिडोर पुढे झाला. आवाज त्याचा एरवीही वाचनाचा, शांत आणि खणखणीत.

"उद्या मिस्सा झाली की दुपारी माझ्या ओटीवर मी ती लावणार आहे. केबलवर नाही टाकणार, चोरीचा धंदा मी कधी केला नाही. माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर. दार उघडं ठेवीन. ज्याला बघायची असेल त्याने यावं, आणि बघून झाल्यावर मला शिव्या घालायच्या असतील तर घालाव्यात. पण बघून."

कुजबुज उठली. वेनचा चेहरा लालबुंद झाला. "तुझी पोरगी आहे म्हणून! दुसऱ्याची असती तर तूच पहिला बोंबलला असतास."

"बोंबललो असतो," इसिडोर म्हणाला. "खोटं नाही बोलत. तेव्हा चुकलो असतो."

"मग उद्यापासून आल्तारावर उभा राहून वाचू नको. मी बोलतो फादरशी."

"वाचत आलोय त्यातलं थोडं कळलं, वेन. म्हणून तर उभा आहे इथे."

एवढं बोलून तो मागे आला आणि ज्युलियाच्या शेजारी उभा राहिला. तिने भावाकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या सदऱ्याची वर उडालेली कॉलर तिने हाताने खाली बसवली.

सकाळी त्यांनी दार उघडलं तेव्हा पायरीवर सेट-टॉप बॉक्स ठेवलेले होते. काही प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, काही वायरी नीट गुंडाळून, एक तर धुतलेल्या नॅपकिनमध्ये बांधून. तो शेजारच्या म्हातारीचा होता. तिला कुणाची वस्तू उघडी परत करायची सवय नव्हती. कुणी काही बोललं नव्हतं, कुणी भांडायला आलं नव्हतं. इसिडोर एकेक बॉक्स उचलून बघत होता. कुणाचा कुठला, ते त्याला स्टिकरशिवाय ओळखता येत होतं.

"चला," ज्युलिया म्हणाली, "धंद्याची वाट लागली म्हणायची."

"लागली," तो म्हणाला. "आत घे. पुसून ठेवतो."

चर्चमध्ये पहिलं वाचन दुसऱ्याच कुणी केलं. फादरनी मिस्सेनंतर इसिडोरला बाजूला घेऊन सांगितलं, वातावरण निवळेपर्यंत थोडे दिवस थांब. इसिडोर म्हणाला, "थांबतो, फादर. तुम्ही दुपारी या." फादर नुसते हसले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

दुपारी त्याने टीव्ही ओढून ओटीच्या दारापाशी आणला आणि अंगणात खुर्च्या मांडल्या. ॲन्ड्रिया आली आणि त्या रिकाम्या खुर्च्या बघून फाटकातच थांबली. "पप्पा, नको ना. कुणी येणार नाही. उगाच..."

"न येणारे येत नाहीत म्हणून लावायचं नाही का? बस तू."

पहिली आली सगुणा. ती कोळीण; गल्लीच्या तोंडाशी मासे विकायला बसायची. टोपली तशीच घेऊन आली आणि कुंपणापाशी ठेवली. "तुमची पोरगी हाय ना टीवीत? मंग बगाया नको?" म्हणत शेवटच्या खुर्चीत बसली. मग कॉयरमधल्या दोन पोरी फाटकाबाहेर घुटमळल्या. आत याव्यात म्हणून कुणी त्यांना बोलावलं नाही. थोड्या वेळाने त्याच आत आल्या आणि एकमेकींचा हात धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दोन-तीन शेजारी आपापल्या ओटीवर असे उभे राहिले की बघतायत असंही म्हणता येऊ नये आणि बघत नाहीत असंही.

पहिला भाग सुरू झाल्यावर फाटक पुन्हा वाजलं. टिना होती. वेनची बायको. रविवारचा निळा फ्रॉक, खांद्याला पर्स. लग्नाआधी ती याच चर्चच्या कॉयरमध्ये गायची, तिच्या आवाजाची सगळीकडे तारीफ व्हायची. लग्न ठरण्याच्या आधीच तिने गाणं सोडलं होतं. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. ती सरळ पुढे आली आणि पहिल्या रांगेत, अगदी टीव्हीसमोर बसली. ज्युलिया तिच्याशी बोलायला वाकली, पण तिचा चेहरा बघून तशीच मागे सरली.

भाग पुढे जात राहिले. टिना हलली नाही. पंख्याचा वारा तिच्यापर्यंत पोचत नव्हता, तिच्या मानेवर घाम जमला होता, पण तिने रुमाल काढला नाही.

मास्तर पडद्यावर पेटी वाजवत होता तेव्हा वेन आला. फाटकाबाहेरूनच त्याने हाक मारली.

"टिना. चल घरी."

ती वळली नाही.

"टिना, लोक बघतायत. चल."

सगळ्यांनी मान खाली घातली. ज्युलिया अर्धवट उठली आणि परत बसली. ॲन्ड्रियाने बापाकडे पाहिलं. इसिडोरच्या हातात रिमोट होता.

"घरी जाऊन बोलू," वेन पुन्हा म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीतरी घाबरलेलं होतं. "ऐकतेयस ना?"

टिनाने पर्स मांडीवर घट्ट धरली. बोलली ती वेनशी नाही.

"इसिडोर," ती म्हणाली, "आवाज वाढव."

इसिडोरने आवाज वाढवला. इतका, की पलीकडच्या ओट्यांवरच्या माणसांनाही आता ऐकू येत नाही असं म्हणता येणार नव्हतं. वेन फाटकाची कडी हातात धरून उभा राहिला. त्याने ती उघडली नाही, सोडलीही नाही. सगुणाने आपली खुर्ची उचलली आणि टिनाच्या शेजारी नेऊन ठेवली.

पडद्यावर चर्चचं दार होतं, आणि पांढऱ्या फ्रॉकमधली ती मुलगी बोलायला उभी राहिली होती.