पंचा सोडेना

प्रतीकनं बोर्निओहून व्हिडिओ पाठवला, तेव्हा प्रणिता धाकट्याला खांद्यावर थोपटत सिंगापुरातल्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये येरझाऱ्या घालत होती. जहाजावरच्या केबिनमध्ये ओरांगउटानचं एवढंसं पिल्लू, प्रतीकचा पंचा दोन्ही मुठींत आवळून बसलेलं. खाली लिहिलं होतं, ‘जाईला दाखव.’

तिनं लगेच फोन लावला. “हे कुठून आणलंस?”

“होडीवाला आला होता जहाजापाशी. पिंजऱ्यात कोंबलेलं गं, बघवेना. सिगरेटची दोन कार्टनं दिली.”

बंदरोबंदरी हेच चालायचं. सिगरेटी द्यायच्या, मासळी घ्यायची, शहाळी घ्यायची. जहाजावर थर्ड इंजिनिअर असलेल्या प्रतीकला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

“आणि याची आई?”

“केळं दिलंय त्याला,” तो म्हणाला.

“प्रतीक, यांची पिल्लं सहा-सात वर्षं आईजवळ असतात. ती जिवंत असती तर हे कुणाच्या हाती लागलं असतं का?”

“मी सोडवलंच ना त्याला?”

“विकत घेतलंस. तो आता दुसरं आणायला गेला असेल.”

“खलाशांचा मुकादम, तो बोसन, म्हणतोय, काठावर सोडून दे. सातला जहाज सुटतंय. सिंगापूरला सापडलं तर तुरुंगच.”

“काठावर आहे काय? मैलोन् मैल तेलासाठी पामच लावलेत, जंगल उरलंय कुठे? दोन दिवस जगायचं नाही ते. कॅप्टनला सांग. वनखात्याला बोलावू दे.”

“आपलं तिथलं बिऱ्हाड माझ्या नोकरीवर आहे, प्रणिता.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तरी सांग.”

फोन कट झाला. नंतर लागेचना. वरण उतू गेलं, तिच्या लक्षातच आलं नाही. शाळेतून आल्या आल्या थोरल्या जाईनं तिचा फोन घेतला आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत चित्कारली.

“सो क्यूट लाह. त्याची मम्मा कुठेय?”

“शोधतायत,” प्रणिता म्हणाली आणि ओटा पुसत राहिली.

साडेपाचला मेसेज आला. ‘सांगितलं. वनखात्याची बोट घेऊन गेली. मलाही उतरवलंय, पासपोर्ट त्यांच्याकडे. जबाब व्हायचाय. जहाज माझ्याशिवाय सुटेल.’

मग आणखी एक. ‘पंचा सोडेना. तसाच दिला.’

धाकटा झोपला होता. ती त्याला पाळण्यात ठेवायला वाकली, तर त्याच्या मुठीत तिचा गाऊन. एरवी ती एकेक बोट हलकेच सोडवायची. आज तशीच त्याला घेऊन बसून राहिली, फोन मांडीवर ठेवून.