सोमवारचे आकडे

धाकटीला दमा लहानपणापासूनचा, पण तो आपला म्हाताऱ्या मांजरासारखा कोपऱ्यात पडून असायचा. ताईच्या सलूनमध्ये केस रंगवायला लागली आणि आठ महिन्यांत त्यानं डोकं वर काढलं. एक जिना चढायला दोनदा थांबावं लागे, पंप दिवसातून चार-चारदा.

"गिऱ्हाईक वाढलं की बरा हिचा श्वास अडकतो!" ताई म्हणायची.

दवाखान्यातही धाकटीच्या आधी ताईच बोलली. "डॉक्टर, पंप नीट घेतच नाही ही."

डॉक्टरीणबाईंनी पंप घेऊन दाखवायला सांगितलं. "बरोबर घेते की," त्या म्हणाल्या. मग सर्दी, सिगारेट, घरातली धूळ, सगळं खोदून विचारलं आणि आकडे कोरलेली फुंकायची नळी हातात दिली. "रोज चारदा जोरात फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा लिहायचा. आकडा जितका मोठा, तितका श्वास मोकळा. तीन आठवडे. कामाला नेहमीसारखं जायचं."

तीन आठवड्यांनी वही चाळताना त्या थबकल्या. एरवी अडीचशे-पावणेतीनशे, सोमवारी मात्र चारशे.

"सोमवारी काय असतं?"

"सलून बंद असतं."

"केसांचा रंग उतरवायची ती ब्लीचची पावडर कोण कालवतं?"

"मीच."

"तीच बाधतेय तुला. ते काम सोड. नाहीतर हा दमा कायमचा असाच राहील."

घरी पोचताच ताई उसळली. "म्हणजे मी विष घालते का हिला?"

"तसं नाही गं. मी केस कापते, पावडर दुसरं कुणीतरी मागच्या खोलीत कालवेल."

"तुझ्या एकटीसाठी सलून उलटंपालटं करू?"

धाकटीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "हाताला धरून शिकवलं तिनं तुला. चांगले पांग फेडलेस!"

धाकटी चष्म्याच्या दुकानात लागली. दोन महिन्यांत रोजचा आकडा चारशेवर गेला. ताई बोलत नव्हती. आई बोलायची, पण कामापुरतं.

एकदा सलूनवरून जाताना काचेतून मावसबहीण दिसली. धाकटीच्याच जागी उभी राहून पावडर कालवत होती, मध्येच तोंडावर मनगट धरून खोकत होती. ती बाहेर येईपर्यंत धाकटी थांबली आणि तिला सगळं सांगितलं.

मावसबहीण हसली. "ताई म्हणालीच होती, तू असं काहीतरी सांगशील म्हणून. तुला काम नको होतं, तर तसं सरळ सांगायचंस ना!"

आणि खोकत खोकत आत गेली.