फारकतीवरची सही

माझा नवरा गहिनीनाथ वारला आणि सहा महिन्यांत बबितानं गेवराईच्या कोर्टात कागद दाखल केला. तिचं म्हणणं, बायको तीच, वारसही तीच. मी, वत्सला, राहणार चकलांबा, राजीखुशीनं फारकत देऊन कधीचीच मोकळी झाले होते म्हणे. तारीख चौदा जानेवारी, ठिकाण गेवराई, आम्ही नवराबायको दोघं जातीनं हजर, खाली माझी सही. ती सही माझ्या खऱ्या सहीपेक्षा देखणी होती. मला त्याचाही राग आला.

कागद बनवणाऱ्यानं ऊस कधी तोडलेला नसावा. ऐन संक्रांतीला आमच्याकडचा माणूस कारखान्याच्या फडात असतो. फारकत घ्यायला गेवराईला कोण येतंय? बबिताला वाचता येत नाही, त्यामुळं तारीख तिच्याही नजरेतून सुटली. मी खुशीत आमच्या ऊसतोड टोळीचा मुकादम शहादेव याला साक्षीला आणला.

"गहिनीनाथ फडातच होता," शहादेवनं सांगितलं. "रोज कोयता चालू होता."

बबिताचा वकील उठला. "कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी ना? मग जोडीला कोण होतं?"

शहादेवनं माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. त्या साली आमच्या लेकीची, सुनिताची दहावी म्हणून मी घरी थांबले होते. पुतण्याला घेऊन जातो, असं सांगून हे गेले होते.

"बबिता होती," शहादेव म्हणाला.

कागद खोटा ठरला आणि माझ्या मनातला संशय खरा ठरला. तेही मीच आणलेल्या साक्षीदाराच्या तोंडून. निकाल माझ्या बाजूनं लागला, पण माझ्या डोक्यात फडच चालू होता. ते ऊस तोडतायत, ती मोळ्या बांधतेय. संक्रांतीचा तिळगूळ त्यांना कुणी दिला असेल, हे काय मला कुणी सांगायला पाहिजे?

आता मला तिच्यावर खोट्या कागदाची केस हवी होती. मात्र ती कोर्टानं करावी. म्हणजे गावात सांगता आलं असतं, मी कुठं काय केलं, जजसाहेबांनीच केलं. तसा अर्जही दिला. साहेबांनी तो नामंजूर केला.

"वत्सलाबाई," बाहेर आल्यावर माझे वकील बंकटराव म्हणाले, "कागद कोर्टाच्या ताब्यात असताना कुणी त्यात खाडाखोड केली असती, तर फिर्याद कोर्टानंच करायची. हा बाहेरूनच बनून आलाय. ठाण्यात तुमीच जा."

"साहेबांनी केली असती तर त्यांचं काय झिजलं असतं?"

"तुमाला दार उघडं हाय की. साहेबांच्या आड कशाला लपता?"



दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फाटकाशी बबिता उभी होती. वाळली होती. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

"अक्का, पाया पडते. नका करू केस."

"कागद करायला कोण गेलतं?"

"मीच गेलते." ती पदराशी चाळा करत राहिली. "तुमच्याकडं लग्नातला फोटो हाय, लेक हाय. माझ्याकडं काय होतं?"

"फडातले चार महिने होते की!"

मग, विचारायचं नव्हतं तेच माझ्या तोंडून निघालं, "फडात माझं नाव काढायचे का गं?"

तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. "न्हाई. एकदाबी न्हाई."

अख्खी फारकत खोटी रचणाऱ्या बाईला एवढं एक खोटं बोलता येऊ नये? 'हो' म्हणाली असती, तर मी तिथूनच चकलांब्याची जीप धरली असती.

मी आत गेले. हवालदारानं फिर्याद लिहायला घेतली.

"आरोपीचं नाव?"

"बबिता."

"पूर्ण सांगा. नवऱ्याचं नाव काय लावू?"

बाहेर फाटकाशी ती अजून उभी होती. खिडकीतून दिसत होती.

"बापाचं लावा," मी म्हणाले.